अंगावर पाजलं की वजन आपोआप उतरतं? बाळंतिणींना असले टोमणे मारणं बंद करा

मुक्ता_नाशिक
परवा बाळंतपणाच्या चर्चेत एका ताईंनी लिहिलं, 'अंगावर पाजणारीचं वजन आपोआप उतरतं. ज्यांचं उतरत नाही त्या बाळाला वरचं दूध देतात.' वाचून डोकं फिरलं. रोज साधारण पाऊण लिटर दूध तयार व्हायला 500 कॅलरींच्या आसपास लागतात, हे खरं. पण त्याच दुधापायी रात्री दोनला पोटात आगडोंब उसळतो, त्याचं काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंच पहिले 6 महिने पाजणाऱ्या आईला रोज 600 कॅलरी जास्त घ्यायला सांगितल्या आहेत. माझ्या लेकानं सहा महिने पाण्याचा थेंब घेतला नाही, तरी माझं वजन ढिम्म. त्याला भात-वरण सुरू केलं, पाजणं कमी झालं, तेव्हा कुठे काटा हलला.

सुलभा_मावशी
ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणेन. तीन बाळंतपणं झाली माझी. प्रत्येक वेळी सव्वा महिना शेकशेगडी, पोट बांधलेलं, मूल दोन वर्षं अंगावर. लग्नातली पोलकी परत बसली.

रानजाई
मावशी, तुम्ही विहिरीचं पाणीही ओढत असाल. त्याचं श्रेय दुधाला का देता?

सुलभा_मावशी
ओढत होतेच. तुम्हाला कुणी नको म्हटलंय?

कोल्हापुरी_बाबा
बायकोच्या बाळंतपणात मी सगळं डोळ्यांनी पाहिलं. वजन वाढवतात ते डिंकाचे लाडू. सकाळी लाडू, दुपारी अळिवाची खीर, रात्री खसखशीची. वर 'तूप ओत, दूध उतरतं'. एका ग्रॅम तुपात 9 कॅलरी! दूध उतरतं ते बाळ वारंवार ओढतं म्हणून.

अळीवप्रेमी
लाडवांना नावं ठेवू नका. अळिवात लोह असतं, बाळंतपणात किती रक्त जातं ते बाईलाच ठाऊक. माझ्या आईनं कंबर मोडेपर्यंत डिंक तळला, म्हणून मी उभी राहिले.

कोल्हापुरी_बाबा
लोहासाठी अळीव खा ना! त्यात वाटीभर तूप आणि गूळ कशाला?

अळीवप्रेमी
वाटीभर कोण घालतं? तुमच्याकडे घालत असतील. आणि बाळंतिणीच्या ताटातलं तूप मोजणारे तुम्ही कोण? तिच्यासाठी कधी एक लाडू तरी वळलात?

कोल्हापुरी_बाबा
वळले. आई आजारी होती, सगळे मीच वळले. म्हणून तर तूप किती जातं ते माहीत आहे.

अळीवप्रेमी
बरं. वळले असतील तर बोलायचा हक्क आहे. तरी लाडू बंद होणार नाहीत.

रानजाई
आमच्याकडे मेथीचे करतात. तुपाशिवाय ते घशाखाली उतरतच नाहीत.

डॉ_प्रसूती
लाडू बाजूला ठेवा जरा. बाळ, वार आणि गर्भजल मिळून पाचेक किलो प्रसूतीच्या वेळीच जातात. पुढच्या काही आठवड्यांत अंगातलं साठलेलं पाणी जातं. ही सुरुवातीची उतरण सगळ्यांनाच दिसते आणि श्रेय पाजण्याला मिळतं. पाजण्याचा वजनाला थोडा हातभार लागतो, पण अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. गरोदरपणात किती वाढलं, झोप, हालचाल, यांचाही वाटा असतो. पाजायचं ते बाळासाठी, आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो म्हणूनही.

पूर्वा_ठाणे
मी इतके दिवस गप्प होते. मुलगी फक्त अंगावर होती आणि माझं वजन वाढत चाललं होतं. केस गळायचे, सारखी थंडी वाजायची. जाऊबाई म्हणायच्या, 'नीट पाजत नसशील.' मी रडत रडत दर तासाला पाजायला बसायचे. शेवटी रक्त तपासलं तर थायरॉइड. कितीतरी महिने त्या एका वाक्यापायी डॉक्टरकडे गेले नाही.

डॉ_प्रसूती
बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडणं दुर्मीळ नाही. अशी लक्षणं असतील तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्याच. त्याच्या गोळ्या चालू असताना पाजता येतं.

सुलभा_मावशी
पूर्वा, तुझ्या जाऊबाईंचं चुकलं. माझं वजन पाजण्यानंच उतरलं, हे मी सोडणार नाही. पण 'वरचं दूध देतात' हे लिहायला नको होतं, ते काढते. गोळी उपाशीपोटी घेतेस ना? माझ्या सुनेला तसंच सांगितलंय.