डायनोसॉरची मान ताठ राहण्यासाठी
ताई, तुमच्या क्रोशाच्या डायनोसॉरची रंगसंगती फार गोड झालीय! मान लवंडतेय आणि टाक्यांतून कापूस दिसतोय असं तुम्ही लिहिलंय, त्या दोन्हींचं मूळ बहुतेक सैल विणीत आहे. लोकरीच्या लेबलवर सुचवलेली सुई स्वेटरसाठी असते. खेळण्याला त्याहून बारीक घ्या. साध्या फोर-प्लाय (चार पदरी) लोकरीला २.५ मिमी चालते. मुका खांब (सिंगल क्रोशे, क्रोशाचा साधा टाका) घालताना लोकर सुईवरून न घेता सुईच्या खालून ओढली, की टाका आणखी घट्ट बसतो. टाके घटवताना, म्हणजे दोनाचा एक करताना, दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे उचला, भोक दिसत नाही.

मान शेवटी भरू नका. दर तीन-चार ओळींनी थोडा थोडा कापूस पेन्सिलीने दाबत जा, सगळ्यात जास्त खांद्यापाशी. मानेचा बुंधा रुंद ठेवून शिवला तर भार पेलतो.

आणि कृपा करून तीन वर्षांखालच्या बाळासाठी डोळे मण्यांचे नकोत, काळ्या धाग्याने भरा. बाळं आधी डोळेच चावतात.

पुढचा राजासॉरस करा ना! गुजरातेत रहिओलीला सापडलेला, २००३ साली नाव मिळालेला आपल्याकडचा डायनोसॉर. मान आखूड, डोक्यावर एकच छोटं शिंग.