‘कॉल फॉर प्रपोजल्स’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

मुक्त सॉफ्टवेअरच्या एका परिषदेसाठी वक्त्यांकडून विषय मागवायचे आहेत. मजकूर मराठीत हवा. पहिल्या मसुद्याचं शीर्षक ‘वक्त्यांना जाहीर निमंत्रण’ असं आहे. इंग्रजीत याला सगळे सीएफपी म्हणतात, पण त्यातला पी प्रत्येक ठिकाणी वेगळा: विद्यापीठात पेपर, बहुतेक तांत्रिक परिषदांत प्रपोजल आणि ब्रसेल्सला भरणाऱ्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेत पार्टिसिपेशन. मराठीत काय धरावं? आणि ‘फ्री अँड ओपन सोर्स’चं काय करावं?

प्रतिसाद १

‘निमंत्रण’ आधी काढा. पाणिनीच्या ३.३.१६१ या सूत्राचे टीकाकार निमंत्रण आणि आमंत्रण यांत फरक करतात: निमंत्रण म्हणजे पाळावंच लागणारं बोलावणं, आमंत्रण म्हणजे यायचं की नाही हे समोरच्यावर सोडलेलं. आजच्या मराठीत हा भेद पुसला गेला आहे. पण दोन्ही शब्दांत एक गोष्ट अजून ठाम आहे: बोलावणाऱ्याने माणूस आधीच निवडलेला असतो. इथे नेमकं उलट आहे. कोणीही विषय पाठवावा आणि त्यातून निवड व्हावी, अशी ही प्रक्रिया.

याचा त्रास पुढे होतो. ‘निमंत्रण’ वाचून विषय पाठवणारा धरून चालतो की आपलं सत्र ठरलं, प्रवासखर्च आयोजक देणार, मानधनही असेल. मग नकार पोचला की तो अपमान वाटतो. बीजभाषणासाठी तुम्ही स्वतःहून कोणाला बोलावलं असेल, तर त्यांना जरूर ‘निमंत्रित वक्ते’ म्हणा. बाकीचे ‘निवडलेले वक्ते’. संकेतस्थळावरही या दोन याद्या वेगळ्या ठेवा.

प्रतिसाद २

मग ‘आवाहन’. फक्त ते ‘आव्हान’ होऊ देऊ नका. आवाहन म्हणजे बोलावणं, विनंती. गौरी आवाहनातलं तेच. आव्हान म्हणजे ललकारी. दोन्ही शब्द कोशात असल्याने शुद्धलेखन तपासक अडवत नाही आणि ‘वक्त्यांना आव्हान’ तसंच छापून जातं.

शीर्षकात मात्र ‘प्रस्तावांसाठी आवाहन’ नको, तो इंग्रजीचा सांगाडा आहे. मराठीला इथे क्रियापद लागतं: ‘प्रस्ताव मागवत आहोत’ किंवा सरळ ‘सत्रासाठी प्रस्ताव पाठवा’. ‘आवाहन’ खालच्या मजकुरात, वाक्यात येऊ द्या.

‘शोधनिबंध’ टाळा. तो शब्द दिसला की प्राध्यापक संदर्भसूचीसह दहा पानं पाठवतात, आणि जी व्यक्ती एखाद्या प्रकल्पाची दुरुस्ती वर्षानुवर्षं सांभाळते आहे तिला वाटतं, हे आपल्यासाठी नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेत हीच दुसरी व्यक्ती हवी असते. ‘प्रवेशिका’ एकांकिका स्पर्धेची आठवण करून देते. ‘प्रस्ताव’ थोडा सरकारी आहे, तरी त्यात ‘अजून ठरलेलं नाही’ हा अर्थ स्वच्छ आहे.

प्रतिसाद ३

‘ॲबस्ट्रॅक्ट’साठी ‘गोषवारा’ वापरा. सातबाऱ्यापासून अंदाजपत्रकापर्यंत लोकांच्या सवयीचा शब्द आहे. पण अर्जात दोन वेगळे रकाने ठेवा आणि त्यांना दोन वेगळी नावं द्या. ‘गोषवारा’ प्रेक्षकांसाठी, कार्यक्रमपत्रिकेत छापला जाणारा, १०० ते १५० शब्दांचा. ‘निवड समितीसाठी टिपण’ छापायचं नाही. त्यात मिनिटांचा हिशेब हवा. ३० मिनिटांचं सत्र असेल तर बोलायला २३, प्रश्नांना ५, लॅपटॉप जोडायला २. हे टिपण मागितलं नाही तर ‘लिनक्सची ओळख’ असे विषय येतात आणि त्या अर्ध्या तासात काय दाखवणार, हे समितीला कळायला मार्गच नसतो.

समिती नावं झाकून वाचणार असेल तर तसं आधी लिहा. प्रीटॅल्क्ससारखी, प्रस्ताव गोळा करून वेळापत्रक लावणारी प्रणाली वक्त्याचं नाव लपवते, पण गोषवाऱ्यात कोणी ‘मी अमुक प्रकल्पाचा संस्थापक’ लिहिलं तर ते काढायचं काम माणसालाच करावं लागतं.

आणखी एक शब्द: फॉसडेममधल्या ‘डेव्हरूम’ला, म्हणजे एकेका विषयाच्या सत्रांसाठी राखलेल्या खोलीला, ‘दालन’ चांगलं बसतं. तिथे प्रत्येक दालनाचे संयोजक वेगळे, त्यांचं आवाहन वेगळं, मुदतही वेगळी. अर्जात दालन चुकीचं निवडलं तर प्रस्ताव भलत्याच लोकांपुढे जातो. तुमच्याकडे असे विभाग असतील तर प्रत्येकाची मुदत त्याच्याच नावाखाली लिहा.

प्रतिसाद ४

‘ॲक्सेप्टेड’ आणि ‘कन्फर्म्ड’ या दोन्हींना लोक ‘निश्चित’ म्हणतात आणि घोळ होतो. समितीने होकार दिला की प्रस्ताव ‘स्वीकारला’. वक्त्याने ‘येतो’ म्हटलं की सत्र ‘पक्कं’. प्रीटॅल्क्समध्ये स्वीकारलेलं पण पक्कं न झालेलं सत्र जाहीर वेळापत्रकात दिसत नाही. म्हणून निवडीच्या पत्रात ठळक लिहा: ‘तुमचा प्रस्ताव स्वीकारला आहे. अमुक तारखेपर्यंत दुव्यावर जाऊन सत्र पक्कं करा, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या वक्त्याला जाईल.’ प्रतीक्षा यादी समजावून सांगावी लागत नाही, रेल्वेने ते काम केलं आहे.

‘निमंत्रणपत्र’ हा शब्द इथे, सत्र पक्कं झाल्यावर येतो, आणि त्याला वजन आहे. परिषदेसाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) मागताना ते जोडावं लागतं. हा अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. फॉसडेम साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतं आणि निवड साधारण डिसेंबरात कळते, म्हणजे भारतातून जाणाऱ्याच्या हातात फार दिवस उरत नाहीत. तुमच्याकडे परदेशी वक्ते येणार असतील तर निवडीचं वेळापत्रक व्हिसापासून मागे मोजत आखा.

प्रतिसाद ५

मुदतीबद्दल. ‘३१ तारखेपर्यंत’ पुरत नाही. ३१ धरून की सोडून? कोणत्या घड्याळाने? युटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:२९. ‘एओई’, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ३१ तारीख उरली असेपर्यंत, असं असेल तर आपल्याकडे १ तारखेची संध्याकाळ, ५:२९.

प्रतिसाद ६

‘फ्री’साठी ‘मुक्त’, कधीही ‘मोफत’ नाही. इथे ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, स्वातंत्र्य असलेलं; इंग्रजीला हा खुलासा १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन निघालं तेव्हापासून करावा लागतो. आपल्याकडे दोन शब्द तयार आहेत. प्रवेश विनामूल्य असेल तर ते वेगळ्या ओळीत लिहा, शेजारी नको. ‘ओपन सोर्स’ला अनेक जण ‘मुक्त स्रोत’ म्हणतात, पण दोन्ही एकत्र येतात तिथे ‘मुक्त आणि खुल्या स्रोताचं सॉफ्टवेअर’ म्हणावं, नाहीतर ‘मुक्त’ दोनदा येतो. आणि ‘स्रोत’, ‘स्त्रोत’ नव्हे. सुरुवातीच्या जोडाक्षरात त नाही.

मूळ प्रश्नकर्ता

यावरून केलेला मसुदा:

‘मुक्त आणि खुल्या स्रोताच्या सॉफ्टवेअरची परिषद: सत्रासाठी प्रस्ताव पाठवा. तुम्ही असं सॉफ्टवेअर लिहीत, भाषांतरित करत, शिकवत किंवा वापरत असाल तर प्रस्ताव पाठवण्याचं आवाहन आहे. गोषवारा १५० शब्दांपर्यंत, शिवाय समितीसाठी टिपण. मुदत: ३१ ऑगस्ट, भारतीय वेळेनुसार रात्री ११:५९. निवड २० सप्टेंबरपर्यंत कळवू.’

प्रतिसाद ४

चांगला आहे. दोन गोष्टी घाला: प्रवासखर्च देणार की नाही, आणि सत्राचं चित्रीकरण कोणत्या परवान्याखाली प्रसिद्ध होणार. चित्रीकरणाची संमती अर्जातच घ्या. मंचावर चढताना विचारली तर नाही म्हणणं अवघड होतं.