एलईडी फ्लोअर हवा म्हणून मैदान द्यायचं?

कोथरूडकर: 'टेकडीवासी' यांनी काल लिहिलं की सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर शेड टाकून पेटत्या फरशांचा एलईडी फ्लोअर बसवा, मुलं मोबाइल सोडून घाम गाळतील, मैदानाचा हट्ट पुरे. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

पुतण्याला घेऊन मॉलमधल्या गेम झोनला गेलो होतो. हिरव्या फरशीवर पाय द्यायचा, लाल टाळायची. पोरं पळतात, मान्य. पण काही मिनिटांत फेरी संपते आणि सगळी माना वर करून स्कोअर बघत उभी. पुढच्या फेरीचे पैसे वेगळे. मैदानात नियम पोरंच करतात, भांडणंही तीच मिटवतात. आणि एखादी फरशी बंद पडली तर? आमच्याकडे लिफ्टचं बटण दुरुस्त व्हायला दिवाळी उजाडते.

टेकडीवासी: कुठलं मैदान? तिथे गाड्या लागतात, बॉल काचेला लागला की आजोबा ओरडतात. आणि ही खेळणी नाहीत. २०२३ मध्ये माद्रिदला फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, १९ वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपचे सामने काचेच्या एलईडी फ्लोअरवर झाले. बास्केटबॉलच्या रेषाच खालून उजेडाने उमटतात, खेळ बदलला की रेषा बदला. एका हॉलमध्ये चार खेळ.

कोथरूडकर: मग २०२४ चं इंडियानापोलिसही सांगा. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सोहळ्यात शनिवारी डंक (उडी मारून बॉल बास्केटमध्ये कोंबणं) आणि थ्री-पॉइंट (लांबून बास्केट) या स्पर्धांना एलईडी काच, रविवारच्या मुख्य सामन्याला लाकूड. एनबीएने तमाशा आणि खेळ वेगळे ठेवले.

डोंबिवलीचा लेगस्पिनर: एलईडी खेळात घुसला की वाटोळंच. २०१९ चा क्रिकेट वर्ल्ड कप, लंडनचं ओव्हल, भारत-ऑस्ट्रेलिया. बुमराहचा चेंडू वॉर्नरच्या बॅटची कड घेऊन स्टंपवर गेला, स्टंपवरची बेल, उडाली की पेटणारी एलईडीवाली, जागची हलली नाही, म्हणून नाबाद! कोहली आणि फिंच, दोन्ही कर्णधार वैतागले. पहिल्या पंधरवड्यातच पाच वेळा असं झालं. बेलमध्ये बॅटरी कोंबायची, वजन वाढवायचं आणि बॉलरच्या पोटावर पाय.

क्लब अंपायर: वाऱ्यात आम्ही वापरतो त्या जड बेलपेक्षा ती हलकीच असते. लाकडी बेलही पडत नाहीत, मी स्वतः पाहिलंय.

डोंबिवलीचा लेगस्पिनर: तुम्ही बॉलिंग केलीय का कधी? बॅट्समनचा स्टंप हलूनही तो उभाच राहतो तेव्हा काय वाटतं ते अंपायरला नाही कळायचं.

क्लब अंपायर: तीस यार्डांवरून फेकून रनआउट करणाऱ्यालाही विचारा. बेलचा दिवा पेटला ती व्हिडिओची फ्रेम धरून निर्णय होतो. पूर्वी बेल नक्की कधी सुटली यावर तिसरा अंपायर डोळे फोडत बसायचा.

डोंबिवलीचा लेगस्पिनर: रनआउटपुरतं ठीक. बोल्डचा हिशोब राहिलाच.

मंजिरी, ठाणे: बेल सोडा हो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अर्धांगवायूनंतर एक काका हात खांद्यापर्यंतही नेत नव्हते, "उद्या करू" हेच पालुपद. भिंतीवरच्या पॅनेलवर ठिपका पेटला की तो दाबायचा, असा व्यायाम दिला. ठिपका दर वेळी थोडा वर. बायको शेजारी मोजत होती म्हणून हट्टाला पेटले आणि कपाळाच्या वरचा ठिपका दाबला. हात उचलायचं कारण मिळालं त्यांना. या वस्तूला सरसकट तमाशा म्हणू नका.

कोथरूडकर: काकांसाठी मान्य. तुमच्या दवाखान्यात भिंतभर लावा. पण त्यासाठी पोरांचा प्लॉट लागत नाही.

टेकडीवासी: मग क्लबहाउसमध्ये बसवू. तिथे टेबल टेनिसचं मोडकं टेबल धूळ खातंय.

कोथरूडकर: क्लबहाउसला माझी हरकत नाही. प्लॉटवर शेडचा ठराव आणलात तर मात्र सभेत विरोधात उभा राहणार. आणि दुरुस्तीचा करार कोण करणार, ते आधी लिहून आणा.