मदत हवी आहे: वापरलेला निकॉन एफ८० घेऊ का? काउंटरवर काय काय तपासायचं?

सावलीतला (धागाकर्ता)

घरी निकॉन डी५६०० आहे. लेन्स तीन: १८-५५ एएफ-पी डीएक्स, ३५ मिमी १.८जी डीएक्स आणि ५० मिमी १.८जी. यातल्या जमतील तितक्या लेन्स चालतील असा ऑटोफोकस फिल्म कॅमेरा हवा आहे. पुण्यात एका दुकानात चार पर्याय दिसले: निकॉन एफ८०, एफ९०एक्स, एफ५५ आणि कॅनन ईओएस ३०० (२८-९० लेन्ससकट). वॉरंटी कशालाच नाही. पंधरा-वीस मिनिटं हाताळू देतात, पण नवा रोल घालून फोटो काढू देत नाहीत.

प्रश्न असे: माझ्या लेन्स कशावर चालतील? रोल न जाळता कॅमेऱ्याची किती परीक्षा होऊ शकते? आणि कुठला दोष दिसला तर सरळ उठून यायचं?

निगेटिव्हवाला

आधी लेन्स बघा, बॉडी मग.

१८-५५ एएफ-पी विसरा. एक तर ती डीएक्स (म्हणजे लहान सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यांसाठीची), त्यात तिची फोकस रिंगही विजेवर चालते. त्यामुळे फिल्म बॉडीवर ऑटो तर सोडाच, हातानेही फोकस होत नाही. ३५ डीएक्स बसते, फोकसही होते, पण चौकटीचे चारही कोपरे काळवंडतात. अ‍ॅपर्चर बारीक केलं की काळ्या कोपऱ्यांची कड आणखी स्पष्ट दिसते. मधला भाग कापून वापरायची तयारी असेल तरच लावा. ५० मिमी १.८जी पूर्ण चौकटीची आहे, खरा खेळ तिच्यावरच.

आता बॉडी. एफ८० (२०००) वर ५०जी सगळ्या मोडमध्ये चालते, अ‍ॅपर्चर बॉडीच्या चाकावरून बदलतं. एफ९०एक्स दणकट आहे, पण जी लेन्सला अ‍ॅपर्चर रिंग नसते आणि या बॉडीला ते चाकावरून बदलता येत नाही. म्हणजे फक्त पी (सगळं आपोआप) आणि एस (शटरस्पीड आपण ठरवायचा) मोड. ए (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं) आणि एम (सगळं हाताने) हातचे गेले. एफ५५ घेऊच नका, त्यावर एएफ-एस (लेन्समध्येच मोटर असलेली, तुमची ५०जी त्यातलीच) लेन्स फोकसच होत नाही. ईओएस ३०० वाईट नाही, पण तुमची एकही लेन्स त्याला बसणार नाही, सगळा संसार नव्याने मांडावा लागेल.

एफ८० च्या बॉडीत फोकसची मोटर आहे, त्यामुळे पुढे जुनी ५० मिमी १.८डी मिळाली तरी चालेल. तिची अ‍ॅपर्चर रिंग २२ वर लॉक करावी लागते, नाहीतर डिस्प्लेवर ‘एफईई’ लुकलुकतं आणि शटर दबत नाही. पूर्ण मॅन्युअल एआय (हाताने फोकस करायची जुनी निकॉन) लेन्स मात्र एफ८० वर लावली तर मीटर (उजेडमापक) चालत नाही. तशा लेन्स घरात असतील तर एफ१०० (१९९९) शोधा, तो त्यांच्यावरही मीटर दाखवतो.

पडदानशीन

काउंटरवरच्या तपासणीचं लिहितो. सोबत न्यायचं सामान: सीआर१२३ए चे दोन नवे सेल (एफ८० ला दोन लागतात), स्वतःची ५०जी, डी५६००, मोबाईल आणि एक मुदत संपलेला किंवा वाया गेलेला रोल. दुकानदार चांगला रोल घालू देत नसला तरी मेलेल्या रोलला सहसा हरकत घेत नाही.

सेल घालण्याआधी सेलच्या खणात टॉर्च मारा. पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली की सेल कधीतरी फुटून वाहिलाय. पत्र्यावरची भुकटी पुसता येते. पण खणातून आत जाणाऱ्या तारा खाल्ल्या गेल्या असतील तर आज चालणारा कॅमेरा महिन्याभरात बंद पडेल.

लेन्स न लावता सेल घातले तर डिस्प्लेवर ‘एफ--’ लुकलुकतं आणि एम सोडून बाकी मोडमध्ये शटर सुटत नाही. हा दोष नव्हे. पण दुकानदारही कधीकधी याला ‘एरर’ समजून भाव कमी करतो, तेव्हा गप्प बसायचं.

शटर: मागचं दार उघडा, एम मोड, फोकसचा खटका एम वर. आधी पात्यांवर तेल, डाग, वाकलेली कड आहे का बघा, बोट लावायचं नाही. मग १ सेकंद, १/३०, १/१२५ असं करत १/४००० पर्यंत जा. मोबाईलवर २४० फ्रेमचं स्लो-मोशन रेकॉर्डिंग लावा: १/३० ला साधारण ८ फ्रेममध्ये उजेड दिसला पाहिजे, १ सेकंदाला २४०. वरचे वेग असे मोजता येत नाहीत. त्यासाठी उजळ खिडकीकडे तोंड करून १/४००० ला दहा-बारा वेळा शटर सोडा आणि मागून बघा. चौकटीचा एखादा भाग सारखा अंधारा राहत असेल तर पाती अडकताहेत. असा कॅमेरा तिथेच ठेवून द्या. दुरुस्तीचा खर्च बॉडीच्या किमतीला भिडतो आणि शटरचा सुटा भाग मिळाला तर तो दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातलाच असतो.

मीटर: ही ५०जी डी५६०० ला लावा, आयएसओ २००, एफ/८, एकसारख्या उजेडातली भिंत पूर्ण चौकटभर. जो शटरस्पीड येईल तो लक्षात ठेवा. मग तीच लेन्स एफ८० ला लावून तीच भिंत, तेच आकडे. अर्ध्या स्टॉपपर्यंतचा फरक चालेल (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एका स्टॉपपेक्षा जास्त असेल तर दुसऱ्या भिंतीवर पुन्हा बघा. तिथेही फरक तितकाच आला तर निदान आयएसओ बदलून सांभाळता येतो. दर वेळी वेगळा आला तर नको.

फोकस: खटका एस वर, आधी हातभर अंतरावरचं, मग रस्त्यापलीकडचं. पाचही पॉइंट एकेक करून तपासा. एस मध्ये फोकस लागल्याशिवाय शटर सुटत नाही, ‘बटण अडकतंय’ ही तक्रार बऱ्याचदा एवढीच असते. कोऱ्या भिंतीवर लेन्स मागे-पुढे धावत राहणारच, तिथे परीक्षा घेऊ नका.

शेवटी मेलेला रोल. जीभ लाल खुणेपर्यंत ओढून दार लावा. आकडा १ वर आला पाहिजे. पूर्ण रोल ओढवून परत गुंडाळू द्या. घरी रोल डबीतून उपसून उजेडात तिरका धरा. लांबीच्या दिशेने सलग ओरखडा असेल तर दाबपट्टीवर किंवा वाटेत कचरा आहे. छिद्रं फाटलेली असतील तर ओढणारे दात किंवा मोटर गडबडलीये.

ओलसर कोकण

पाठीमागचं रबर चिकट झालंय का ते कुणी लिहिलं नाही. त्या काळातल्या निकॉनवर हे इतकं सर्रास दिसतं की त्यासाठी कॅमेरा नाकारू नका, भाव पाडा. फडक्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन थोडं थोडं पुसलं की वरचा थर निघतो, खाली साधं काळं प्लास्टिक राहतं. त्या थरावरची अक्षरं जातात. अ‍ॅसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, प्लास्टिकच विरघळतं.

सेलबद्दल: चार्ज होणारे लिथियम १२३ घालू नका. एकेक पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देतो, दोन मिळून ८.४, कॅमेरा ६ व्होल्टचा आहे. सीआर१२३ए परवडत नसतील तर एमबी-१६ नावाची पकड शोधा, तिच्यात चार पेन्सिल सेल बसतात.

आणि ईओएसवाल्यांसाठी, कारण धागा वाचून कुणीतरी घेईलच: ईओएस ६५०, ६२०, ६०० या जुन्या मंडळींमध्ये शटरखालचा फोम विरघळून डांबरासारखा पात्यांना लागतो. पात्यांवर काळा ओला डाग दिसला की तेच. पुसून काही दिवस चालतं, पण फोम आतच असल्यामुळे डाग परत येतो.

दोनतीनपाच

उपप्रश्न: एसएलआर नको, खिशात मावेल असा ऑटोफोकस हवा असेल तर?

निगेटिव्हवाला

जुन्या बाजारात ‘ऑटोफोकस’ म्हणून कोडॅक केबी१० आणि यशिका एमएफ-२ सुपर गळ्यात मारतात. दोन्ही फिक्स फोकस आहेत, आत सरकणारं काहीच नाही. ‘फोकस फ्री’ असं छापलेलं दिसलं की समजून जा.

ऑलिम्पस म्यू-२ (१९९७) सारखे खरे ऑटोफोकस कॉम्पॅक्ट इन्फ्रारेड किरण सोडून अंतर मोजतात. त्यामुळे बसच्या काचेतून डोंगर टिपायला गेलात तर काचेवरच फोकस लागू शकतो. म्यू-२ चालू केला की फ्लॅश दर वेळी ऑटोवर येतो, नको असेल तर दर वेळी बंद करा. बिघडला तर आतला इलेक्ट्रॉनिक भाग बहुधा मिळत नाही, हे गृहीत धरूनच पैसे मोजा.

सावलीतला

तपासणी झाली. एफ८०: सेलचा खण स्वच्छ, पाठ चिकट. १/३० ला ८ फ्रेम, १/४००० ला अंधारा पट्टा नाही. मीटर डी५६०० पेक्षा अर्धा स्टॉप जास्त उजेड देतंय. मेला रोल नीट गेला, ओरखडे नाहीत. अडचण एकच: मधला पॉइंट सगळीकडे पकडतो, पण कडेचा पॉइंट दाराच्या चौकटीच्या एका बाजूवर पकडतो आणि तिला काटकोनात असलेल्या बाजूवर लेन्स धावत राहते. दोष आहे का?

पडदानशीन

नाही. एफ८० मध्ये फक्त मधला पॉइंट दोन्ही दिशांच्या रेषा ओळखतो, बाकीचे चार एकाच दिशेच्या. कॅमेरा आडव्याचा उभा धरून त्याच कडेवर लावून बघा, पकडेल. नाहीच पकडलं तर आरशाच्या डब्याच्या तळाशी जिथे फोकसचा सेन्सर आहे तिथे धूळ असू शकते. ब्लोअरने फुंकर मारा, आरसा पुसू नका.

अर्धा स्टॉप जास्त उजेड हा रंगीत निगेटिव्हला पथ्यावरच पडतो. स्लाइड फिल्म भरलीत तरच आयएसओ तेवढा वर करा. घ्या.

सावलीतला

घेतो. पहिला रोल म्हणून सिनेमाची फिल्म कापून भरलेला रोल स्वस्त पडतोय, ५००टी (बल्बच्या उजेडासाठी बनवलेली). चालेल?

ओलसर कोकण

चालेल, दोन गोष्टी सांभाळा. असे रोल बऱ्याचदा दुसऱ्याच फिल्मच्या रिकाम्या डबीत भरलेले असतात. डबीवरचे चंदेरी-काळे चौकोन २०० चे असतील तर एफ८० बिनदिक्कत २०० वाचेल. कोडच नसेल तर आयएसओ लुकलुकत राहील आणि शटर सुटणार नाही. दोन्ही वेळी डीएक्स (इथे डबीवरचा कोड आपोआप वाचणं, लेन्सचं डीएक्स नव्हे) सोडून आयएसओ हाताने लावा: पिवळ्या बल्बखाली ५००, नारिंगी (८५ क्रमांकाचा) फिल्टर लावून उन्हात ३२०. आणि रोल देताना ‘रेमजेट (फिल्मच्या पाठीवरचा काळा थर) आहे’ असं डबीवर लिहून लॅबला तोंडीही सांगा. विकणाऱ्याने तो काळा थर आधीच काढला असेल तर प्रश्न नाही, पण न काढलेला रोल रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या नेहमीच्या सी-४१ मशिनमध्ये गेला तर थर सुटून केमिकल आणि मागून येणारे इतरांचे रोल दोन्ही नासतात.