सेप्सिसमध्ये कोलेस्टेरॉल कमी करणारं इंजेक्शन: ट्रायल आत्ता हवी की नको?

निळीशाई: मागच्या वर्षी बाबांना युरिन इन्फेक्शनमधून सेप्सिस झाला (इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच बिघडायला लागतात), ११ दिवस आयसीयूत होते, वाचले. तेव्हापासून जे मिळेल ते वाचतेय. पीसीएसके-९ नावाचं प्रोटीन २००३ मध्ये सापडलं. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पकडणारे रिसेप्टर असतात, हे प्रोटीन त्यांना चिकटलं की पेशी रिसेप्टरच मोडीत काढते, मग एलडीएल रक्तात साचतं. पण ई. कोलाय, क्लेब्सिएला असल्या जंतूंच्या कवचातलं विष, एलपीएस, तेही एलडीएलला धरून याच दाराने लिव्हरमध्ये जातं. म्हणजे पीसीएसके-९ जास्त तर विषाचा निचरा कमी! २०१४ मध्ये व्हँकुव्हरच्या टीमला दिसलं की ज्यांच्यात हा जीन जन्मतः कमजोर आहे ते सेप्टिक शॉकमधून, म्हणजे सेप्सिसमध्ये बीपी कोसळतं त्यातून, जास्त वाचतात. हे प्रोटीन अडवणारी इंजेक्शनं अमेरिकेत २०१५ पासून हार्टच्या पेशंटना देतायत, मग सेप्सिसमध्ये मोठी ट्रायल का नाही?

रात्रपाळी: ताई, बाबा वाचले याचा खरंच आनंद आहे. मी आयसीयूत काम करतो म्हणून स्पष्ट सांगतो, कागदावर सुंदर दिसणारी कल्पना आणि बेडवरचा पेशंट यात फार अंतर आहे. एलपीएसचा सिग्नल थेट अडवणारं एरिटोरन नावाचं औषध सुमारे २००० पेशंटवर वापरून बघितलं, २०१३ ला रिझल्ट आला, मृत्यू कमी झाले नाहीत. तुमच्याच पीसीएसके-९ बद्दल २०१७ मध्ये दुसऱ्या टीमला उंदरांत काही फायदा दिसला नाही, आणि २०१९ ला अमेरिकेतल्या वँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत १०,००० हून जास्त इन्फेक्शनच्या पेशंटचे जीन तपासले तर सेप्सिसशी संबंधच निघाला नाही. व्हँकुव्हर तेवढं धरायचं आणि हे सोडायचं, असं कसं चालेल?

कडूलिंब: शिवाय स्टॅटिनचं, कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्यांचं, काय झालं बघा. सेप्सिसमधून फुप्फुसं गेलेल्या ७४५ पेशंटवर त्यातल्याच रोसुव्हास्टॅटिनची ट्रायल झाली, फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवली.

निळीशाई: अहो पण स्टॅटिनने पीसीएसके-९ उलट वाढतं! ते फेल गेलं म्हणून हेही जाणार असं नाही ना. आणि वँडरबिल्टमध्ये सगळी इन्फेक्शनं एकत्र होती, मी बोलतेय शॉकमधल्या ग्राम निगेटिव्ह (ई. कोलायसारख्या एलपीएसवाल्या जंतूंच्या) पेशंटबद्दल, आपल्याकडच्या आयसीयूत तेच तर जास्त दिसतात.

रात्रपाळी: मुद्दा मान्य, पण वेळेचं काय? आमच्याकडे पेशंट येतो तेव्हा बीपी आधीच पडलेलं असतं, तासातासाला खेळ बदलतो.

निळीशाई: इंजेक्शननंतर रक्तातलं मोकळं पीसीएसके-९ साधारण ४ तासांत दबतं. दोन आठवडे लागतात ते एलडीएल तळाला जायला.

रात्रपाळी: प्रोटीन दबणं वेगळं आणि लिव्हरवर नवे रिसेप्टर उभे राहून विष खेचायला लागणं वेगळं, तेही शॉकने लिव्हरच थकलेलं असताना.

कडूलिंब: आणि निरुपद्रवी समजू नका. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वाढवणारं टॉरसेट्रापिब, तेही कोलेस्टेरॉलच्याच एका प्रोटीनला अडवायचं, २००६ मध्ये ट्रायल थांबवावी लागली कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढले, त्यात इन्फेक्शनचेही होते.

निळीशाई: त्याने बीपी वाढायचं, वेगळं औषध ते. हार्टच्या हजारो पेशंटवर पीसीएसके-९ ची इंजेक्शनं वापरलीयत, असं काही दिसलं नाही.

रात्रपाळी: ते घरी चालतेफिरते पेशंट होते ताई. आधी शॉकमधल्या लोकांचं रक्त पहिल्या तासापासून घेऊन पीसीएसके-९ आणि एलपीएस दोन्ही मोजा, निचरा खरंच अडलाय का ते दिसू दे. त्या अभ्यासाला मी स्वतः सॅम्पल काढून देईन. इंजेक्शन द्यायला मात्र आत्ता माझा हात उचलणार नाही.

निळीशाई: मग मोजणं तरी उद्यापासून सुरू व्हायला हवं.