दहावीनंतर मास कॉम: अकरावीला शाखा कोणती, आणि पुढे इंदूर की पुणे?

राजेंद्रनगरची_आई

नमस्कार मंडळी. मोठी लेक यंदा दहावी झाली, सीबीएसई. मार्क बरे आहेत, गणितातही. आता म्हणते, पुढे मास कॉम, म्हणजे पत्रकारिता आणि जनसंचार, करायचंय. कॉलनीच्या गणपतीत माईक तिच्याच हातात असतो आणि सानंदचं (आमची इथली मराठी नाटकं आणणारी संस्था) नाटक असलं की आमच्या आधी तयार होऊन बसते, त्यामुळे आवड नाही असं म्हणता येत नाही.

घरात मात्र तीन पक्ष. हे म्हणतात कॉमर्स घे, मग बीबीए कर, पत्रकारांचे हाल बघतोच आहोत. पुण्याची नणंद म्हणते इकडेच पाठव, इंदूरात काय ठेवलंय. तिसरा पक्ष म्हणजे एका खाजगी कॉलेजच्या काउन्सेलरबाई. दर आठवड्याला फोन, तोही दहावीच्या मुलीसाठी! नंबर कुठून मिळाला देव जाणे.

अकरावीला आर्ट्सच घ्यावं लागतं का? आपल्या देवी अहिल्या विद्यापीठात हा कोर्स केला तर चालेल का? मराठी घरातल्या मुलीने हिंदीत काम शोधायचं की मराठीत? आणि खरं सांगा, पोट भरतं का?

डेस्कवाला

ताई, शाखेची काळजी सोडा. बी.ए. पत्रकारितेला कुठल्याही शाखेची बारावी चालते. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतले बरेच प्रवेश आता सीयूईटी या देशभरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात, त्यामुळे बारावीच्या वर्षात त्या फॉर्मच्या तारखेवर डोळा ठेवा. निकालानंतर जागे झालेले पालक दरवर्षी भेटतात.

मी इथल्या एका हिंदी दैनिकात डेस्कवर आहे. माझं मत थोडं कडू लागेल. पत्रकारितेची पदवी आधी करूच नये. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, काहीतरी धड विषय घेऊन बी.ए. करावं आणि मग पत्रकारितेत एम.ए. किंवा डिप्लोमा. इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, कशी लिहायची, मथळा किती शब्दांचा, पान कसं लावायचं हे आम्ही नव्या पोरांना डेस्कवर शिकवतोच. नगर निगमचं बजेट कसं वाचायचं ते रात्री अकराला शिकवायला कुणाला वेळ नसतो. डाक एडिशन, म्हणजे बाहेरगावी जाणारी आवृत्ती, आधी सोडायची असते, त्यानंतर शहराची पानं, आणि त्या गडबडीत ज्याला महसुली खर्च आणि भांडवली खर्च यातला फरक कळतो त्याचीच कॉपी मी आधी उघडतो.

पोट भरतं का? सुरुवातीची काही वर्षं घरी राहून भरतं. सुट्टी बाकीच्यांच्या सुट्टीला जुळत नाही, दिवाळीतही नाही. हे आत्ताच घरात बोलून घ्या.

कॉलेज बघायला जाल तेव्हा एक करा. माध्यम कायदा शिकवणाऱ्या सरांना विचारा, मानहानीचं कलम कोणतं? ४९९-५०० म्हणाले तर समजा नोट्स जुन्याच चालू आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि त्यात ते कलम ३५६ आहे. वर्तमानपत्रांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदाही गेला, त्याच्या जागी २०२३ चा आला. हे ज्यांना ठाऊक नाही ते तुमच्या पैशात काय शिकवणार?

खंडवारोड_पासआउट

डेस्कवाले दादा, तुमचं म्हणणं वर्तमानपत्रापुरतं ठीक आहे. पण मास कॉम म्हणजे फक्त बातमी नाही ना. जाहिरात, जनसंपर्क, रेडिओ, डॉक्युमेंटरी, कंपन्यांचं कंटेंटचं काम, सगळं त्यात येतं. माझ्या बॅचमधले निम्म्याहून जास्त लोक कधी न्यूजरूमची पायरी चढलेच नाहीत आणि मजेत आहेत.

काकू, पत्रकारिता आणि जनसंचार अध्ययनशाला खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरात आहे. त्याच परिसरात ईएमआरसी आहे, म्हणजे विद्यापीठांसाठी शैक्षणिक कार्यक्रम आणि स्वयम या सरकारी पोर्टलचे ऑनलाइन कोर्स तयार करणारं केंद्र. तिथे खरं शूटिंग, खरं एडिटिंग चालतं. ज्याला ओळख काढून कोपऱ्यात उभं राहून बघता येतं, तो खूप शिकतो. ज्याला बोलावणं लागतं, तो तीन वर्षं कँटीनमध्ये बसतो. सरकारी विभाग आहे, कुणी हात धरून नेणार नाही. फी मात्र खाजगीपेक्षा बरीच कमी.

खाजगीवाल्यांबद्दल. माझी चुलत बहीण एका ठिकाणी होती (नाव घेत नाही). काचेचा स्टुडिओ, हिरवा पडदा, ओळीने कॅमेरे. पाहुणे आले की दिवे लागायचे, एरवी कुलूप. म्हणून स्टुडिओ बघू नका, इश्यू रजिस्टर बघा. कॅमेरा मुलांना घरी नेऊ देतात का, गेल्या महिन्यात कितींनी नेला, ते तिथे दिसतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी बनवलेलं काहीतरी दाखवा म्हणा. पाहुण्यांच्या भाषणाचे फोटो दाखवायला लागले तर चहा पिऊन उठा.

आणि डीएसएलआर कॅमेरा आत्ता घेऊ नका. पहिलं वर्ष मोबाइलवर निघतं. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व फुकट आहे, आवाजाला ऑडेसिटी फुकट.

नव्या शिक्षण धोरणामुळे आपल्या राज्यात २०२१-२२ पासून पदवीची रचना बदलली. तीन वर्षांनी पदवी घेऊन निघता येतं, चौथं वर्ष ऑनर्सचं किंवा रिसर्चचं. बाकी तिची वेळ येईपर्यंत नियम आणखी बदलतील, तेव्हा फार पुढचं आत्ता ठरवू नका.

जुनाइंदूरकर

हिंदी की मराठी, हा प्रश्न आमच्या पिढीला पडलाच नाही हो. घरात मराठी, ओट्यावर मालवी, शाळेत हिंदी. छत्तीसगढ मित्र हे हिंदी मासिक १९०० साली सुरू करणारे माधवराव सप्रे मराठी घरातले, त्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं. काशीच्या 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर मराठी. आणि आपल्या गावात १९४७ साली निघालेल्या नई दुनिया या हिंदी दैनिकाला ज्यांनी वळण लावलं ते राहुल बारपुतेही मराठीच. राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी त्याच तालमीतले. प्रभाषजींनी पुढे १९८३ मध्ये दिल्लीत जनसत्ता हे दैनिक काढलं. तेव्हा मुलीला हिंदी उत्तम येऊ द्या. उत्तम म्हणजे रील्सवाली नव्हे. नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, कुठे लागतो, कुठे नाही, ते कळलं पाहिजे.

भोपाळला गेलात तर तिला या सप्र्यांच्याच नावाच्या वृत्तपत्र संग्रहालयात घेऊन जा. जुनी वर्तमानपत्रं ज्या निगुतीने ठेवली आहेत ते बघून मूल एक तर कायमचं या धंद्यात पडेल, नाही तर कायमचं सुटेल. माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठही भोपाळचंच, १९९० च्या कायद्याने झालेलं, मुख्यतः याच विषयाचं. इंदूरच्या बाहेर पाठवायचं असेल तर पुण्याच्या आधी ते बघा. रात्री घरी यायचं ठरवलं तर येता येतं.

मराठीतही लिहू द्या, सोडू नका. पण पगार हिंदी देईल.

पुण्यातला_इंदौरी

जुनाइंदूरकर काका, पगार मराठीही देते, माझा चाललाय. 😀

काकू, पुण्याला पदवीसाठी पाठवू नका, पदव्युत्तरला पाठवा. रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे पुणे विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग, फर्ग्युसन रस्त्यावर आहे आणि त्याला शहराचा फायदा मिळतो. व्याख्यान सुटलं की चालत नाटक, चालत सभा, चालत मोर्चा. मराठी पत्रकारितेचं नक्की झालं तर अमरावतीचं आयआयएमसी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) ही आहे, तिथे मराठीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. दिल्लीच्या आयआयएमसीचंच केंद्र ते.

आत्याकडे राहिली तरी खर्च होतो, आणि अठराव्या वर्षी आत्याकडे राहण्यात जो ताण असतो तो तुम्हाला मी सांगायला नको. भाषेचंही सांगतो. आपलं 'मी जाऊन राहिले', 'तो बोलला की' ऐकून वर्गात हसतात. मोठ्या वयात ते हसण्यावारी नेता येतं. कोवळ्या वयात पोरं गप्पच बसायला लागतात, आणि या क्षेत्रात गप्प बसून चालत नाही.

राजेंद्रनगरची_आई

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री जेवताना अख्खा धागा तिला वाचून दाखवला. नगर निगमच्या बजेटपर्यंत आले तर म्हणते, "आई, थांब. मला बातम्या द्यायच्याच नाहीत. मला आवाजाचं काम करायचंय."

म्हणजे काय, तर नाटकाला गेली की ती म्हणे साउंडवाल्याकडेच बघत बसते. मोबाइल उघडून दाखवला. सराफ्यातल्या खाऊगल्लीचा रात्रीचा गलबला, रंगपंचमीच्या गेरमधले (मिरवणुकीतले) ढोल, आमच्या मिक्सरचा आवाज, आजीचं रामरक्षा म्हणणं. सगळं रेकॉर्ड करून, नावं देऊन ठेवलंय. मला वाटायचं पोरगी स्टेजवर जाणार! ह्यांनी पोळीचा घास तसाच हातात धरला होता.

आता काय करू?

डेस्कवाला

आता मी गप्प बसतो. हा माझा प्रांत नाही. पण नावं देऊन ठेवलंय हे वाचून बरं वाटलं, आमच्याकडे पाच वर्षं काम केलेले फोटोग्राफर फाइलला नाव देत नाहीत.

माइकमागचा

मी इंदूरचाच, आता मुंबईत लोकेशन साउंड करतो, म्हणजे शूटिंगच्या जागी आवाज रेकॉर्ड करतो. ताई, धागा वेळेवर काढलात, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता बदललं. बातमीदारीला कुठलीही शाखा चालते. साउंडला तसं नाही. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंड रेकॉर्डिंग आणि डिझाइनचा कोर्स आहे, तो पदवीनंतरचा. पदवी कुठलीही चालते, पण बारावीला फिजिक्स मागतात. माझ्याबरोबरचा एक फार गुणी मुलगा कॉमर्सचा होता, त्याला फॉर्मच भरता आला नाही. तुमच्या मुलीने उद्या कॉमर्स घेतलं तर तो दरवाजा आजच बंद होतो, आणि तिला कळणार पाच वर्षांनी. गणित बरं आहे म्हणता, मग फिजिक्स घ्यायला घाबरू नका. अट बदलते का ते दरवर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये बघत राहा.

कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेतही साउंडचा विभाग आहे. दोन्हीकडे जागा मोजक्या, त्यामुळे तेवढ्यावर अवलंबून राहू नये. मधली पदवी मास कॉमची केली तरी हरकत नाही, खंडवा रोडला केली तर ईएमआरसीतल्या साउंडवाल्यांच्या मागे लागायचं. आकाशवाणी आहे मालवा हाउसमध्ये. युववाणीत तरुणांना घेतात, चौकशी करून ठेवा. बोलण्यासाठी जाऊ दे, पण काचेच्या पलीकडे बसलेला माणूस काय करतो ते बघून यायला सांगा. खाजगी एफएमचं म्हणाल तर रेडिओ मिर्चीची सुरुवातच इंदूरहून झाली, २००१ मध्ये. या गावात आवाजाच्या कामाला परंपरा नाही असं कुणी म्हणू नये.

आत्ता घरी करण्यासारखं. रेकॉर्ड करताना हेडफोन लावायचाच. कानाला जे ऐकू येतं ते माइकला येत नाही, माइकला फ्रिज ऐकू येतो. पातळी लाल पट्टीच्या बरीच खाली ठेवायची, उणे बारा डेसिबलच्या आसपास, कारण फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. व्हिडिओसाठी सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. आणि प्रत्येक जागी कुणी बोलत नसताना अर्धा मिनिट नुसती त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवायची. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये काहीच नसलं तर ते भोकासारखं ऐकू येतं, तिथे ही शांतता भरतात. नवख्या माणसाला हे कुणी सांगत नाही आणि मग तो एडिटरच्या शिव्या खातो.

रामरक्षेचं रेकॉर्डिंग परत करा, पंखा बंद करून.

खंडवारोड_पासआउट

अरे वा, धागा भलतीकडेच गेला! काकू, एक भर. सीबीएसईत अकरावी-बारावीला मास मीडिया स्टडीज नावाचा स्किल विषय आहे, कोड ८३५. सगळ्या शाळा देत नाहीत. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या जोडीला पाचवा विषय म्हणून मिळतो का ते शाळेत विचारा. नाही मिळाला तर अडत काहीच नाही, कॉम्प्युटर घेऊ दे.

आणि त्या काउन्सेलरबाईंना सांगा, मुलगी सायन्सला गेली. फोन आपोआप बंद होतील. मग इंजिनिअरिंगवाल्यांचे सुरू होतील, ते वेगळं.

राजेंद्रनगरची_आई

शाळेत जाऊन आले. ८३५ नाही त्यांच्याकडे, पण पीसीएम आणि कॉम्प्युटर मिळतंय, सोमवारपर्यंत फॉर्म द्यायचाय. ह्यांना फिजिक्स ऐकूनच इतकं बरं वाटलं की संध्याकाळी जाऊन गुलाबजाम घेऊन आले. एफटीआयआयचं त्यांना सध्या सांगितलेलं नाही.

माइकमागचा दादा, हेडफोन कोणता घेऊ ते सांगा. पाचशेच्या आत मिळतो का?

माइकमागचा

पाचशेत नाही मिळणार ताई. थोडे पैसे साठू द्या. कान पूर्ण झाकणारा, वायरचा घ्या. ब्लूटूथ नको, आवाज उशिरा पोचतो. ब्रँडपेक्षा वायर बदलता येते का ते बघा, आधी तीच तुटते. तोवर मोबाइलबरोबर आलेला वायरवाला इअरफोन असेल घरात कुठेतरी, तो शोधून द्या.