जाळीचा रॅगलन स्वेटर: वाढवलेले टाके जाळीत कसे बसवायचे?

लष्करची_सून
नमस्कार मंडळी, लेकीसाठी गोल सुईवर वरून खाली विणायचा रॅगलन, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेघांनी बाह्या जोडलेला स्वेटर, घेतलाय. गळ्याला 96 टाके, पाठ 32, पुढचा भाग 32, बाह्या 14-14 आणि चार तिरक्या रेघांचा एकेक. एका फेरीआड प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक असे 8 वाढतात, इथवर सगळं मस्त. पण जाळीचं डिझाइन 8 टाक्यांचं आहे, 32 मध्ये बरोब्बर चारदा बसतं आणि पहिल्याच वाढीला 34 होतात, मग ते वरचे दोन घालू कुठे? सासूबाई म्हणतात नुसता सुलट विणून मोकळी हो, पण लेकीला जाळीच हवीय आणि इकडे ग्वाल्हेरला थंडी पडायच्या आत व्हायला हवाय. आणि हो, पॅटर्न अमेरिकन आहे, 8 नंबरची सुई लिहिलीय, ती आपलीच 8 ना?

उलटसुलट
आधी सुई. ती आपली 8 नाही गं! आपल्याकडे दुकानात मिळतात त्या जुन्या ब्रिटिश नंबरच्या, नंबर वाढला की सुई बारीक, 8 म्हणजे 4 मिमी. अमेरिकेत उलटं, त्यांची 8 म्हणजे 5 मिमी, म्हणजे आपली 6. नंबर सोड, मिमी बघ आणि छोटा तुकडा विणून 10 सेंमीत किती टाके येतात ते मोजून घे.

आता जाळी. भोकासाठी सुईवर धागा घेतला की एक टाका वाढतो, तो दोनाचा एक करून फेडायचा, म्हणून टाके तेवढेच राहतात. तुझे रॅगलनचे वाढीव टाके रेघेला लागून नुसते सुलट विणत जा. 16 फेऱ्यांत प्रत्येक बाजूला 8 जमतील, मग डिझाइनची पहिली ओळ आली की तिथे नवं रिपीट, म्हणजे 8 टाक्यांचं डिझाइन आणखी एकदा, सुरू. त्याआधीच जाळी घुसवायची असेल तर एकच नियम, धाग्याला जोडीचा दोनाचा एक मिळत नसेल तर दोन्ही सोडायचे, ते टाके साधे. रिपीटच्या कडेला मार्कर घाल, नसला तर दुसऱ्या रंगाच्या लोकरीची गाठ चालते.

फूलबागवाली_काकू
बाळा, मी तर खांद्याभर जाळी करूच नको म्हणेन. पुढच्या भागात मधोमध 24 टाक्यांचा म्हणजे तीन रिपीटचा पट्टा घे, दोन्हीकडे 4-4 साधे ठेव, सगळी वाढ साध्यात जाते आणि डोक्याला ताप नाही, शिवाय रॅगलनची रेघ उठून दिसते, नाहीतर जाळीच्या गर्दीत ती हरवते. आपल्याकडच्या जानेवारीत अंगभर जाळी म्हणजे वारा आरपार, आत जाड काहीतरी घालावंच लागणार, मग जाळी दिसणार कुणाला? आणि एक रिपीट झालं की शिवणाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेव, उसवायची वेळ आली तर तिथेच थांबतं.

बडोदेकर_सुईवाला
आमच्या बडोद्यात स्वेटर म्हणजे कपाटाची शोभा, तरी विणतो, सवय 😄 एक विचारतो, लोकर कुठली? जाळी विणून झाल्यावर चुरगळलेलीच दिसते, ओली करून ताणून, टाचण्या लावून वाळवली की खुलते, पण हे खऱ्या लोकरीत. ॲक्रेलिक वाळलं की परत आकसतं. छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा, केस जळल्यासारखा वास आणि बोटाने चुरणारी राख आली तर लोकर, वितळून टणक गोळी झाली तर ॲक्रेलिक.

लष्करची_सून
लोकर इथल्या बाड्यावरून, म्हणजे ग्वाल्हेरच्या बाजारातून आणलीय, आत्ता जाळून पाहिलं, गोळी झाली 😐 काकू, तुमचा पट्टाच करते, पाठ साधी. पण मग ॲक्रेलिकची जाळी खुलवायची कशी, इस्त्री चालेल?

बडोदेकर_सुईवाला
इस्त्री टेकवायची नाही, ॲक्रेलिक एकदा चपटं झालं की परत फुलत नाही. टाचण्या लावून वरून थोडं अंतर ठेवून नुसती वाफ द्या आणि पूर्ण गार होईपर्यंत टाचण्या काढू नका. आधी तो मोजमापाचा तुकडा वाफेवर करून बघा, किती खुलतंय ते कळेल आणि लांबीचा अंदाजही येईल.